शेवटचा टाका

पोतं शिवताना मी शेवटचा टाका दोनदा घालतो. गाठ पक्की बसलेली असते, सुतळी तोडायची तेवढी राहिलेली असते, तरी दाभण पुन्हा एकदा त्याच भोकातून आरपार नेतो. म्हातारा सुतळी वाया घालवतो, असं घरातली सून म्हणते. मी म्हणतो, वाया घालवायला माझ्याकडं आता सुतळीशिवाय राहिलंय काय? मग ती हसून आत जाते. ही खोड मला कुठून लागली ते मी तिला सांगितलेलं नाही, आणि दुसऱ्या कुणालाही नाही.

नेव्हीत होतो म्हटलं की लोकांचे डोळे मोठे होतात. तोफ उडवली का, जपानी पाहिला का, बोट बुडवली का. त्यांचा हिरमोड करताना मला बरं वाटतं, खोटं कशाला सांगू. मी डेकवरचा साधा खलाशी होतो. सकाळी अनवाणी पायांनी डेक धुवायचा, दगडानं घासायचा, गंज खरडायचा, खरडलेल्या जागी तांबडा रंग लावायचा आणि तो वाळेपर्यंत दुसरीकडचा गंज खरडायचा. जहाजावरचा गंज म्हणजे रानातली हराळी, इकडून काढली की तिकडून हजर. बाकीच्या वेळात दोर ओढायचे, दोर सोडायचे, तुटलेले दोर पिळात पीळ घालून जोडायचे. चार वर्षांत मी एकही गोळी झाडली नाही.

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून चालत तासाभरावर. घरी मेंढरं आणि थोडं हलकं रान. मोठं पाणी म्हणजे कयाधू नदी, त्याहून मोठं काही असतं यावर गावाचा विश्वास नव्हता. बाजाराच्या दिवशी मी बाळापूरला आडत्याच्या दुकानात ज्वारीची, तुरीची पोती शिवायला जायचो. सोबत शेजारच्या घरातला माझा सोबती असायचा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याच्या बापाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी आई होती, जिला मी मावशी म्हणायचो, आणि नुकतीच लग्न होऊन आलेली बायको. त्याला शिट्टी वाजवायचा मोठा नाद. ज्वारीवरची पाखरं हाकलायला लोक गोफण घेऊन माळ्यावर चढतात, हा नुसती शिट्टी घेऊन चढायचा. दोन बोटं तोंडात घातली की तीन शेतं पलीकडचा बैल मान वर करायचा.

महायुद्ध सुरू होऊन तीनेक वर्षं झाली असतील. हिंगोलीला भरतीवाले आल्याची बातमी बाजारात लागली. जायची कल्पना माझी. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण गावात पुढं अनेकांनी ती दोघांची होती असं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. ती माझी एकट्याची होती. मला मेंढरांचा कंटाळा आला होता आणि एकट्यानं जायची छाती नव्हती. म्हणून मी त्याला तयार केलं. तीन बाजार त्याच्या मागं लागलो, चौथ्या बाजाराला तो हो म्हणाला.

मावशीनं मला अंगणात बोलावून घेतलं.

"समुंदर म्हंजे किती मोठा असतो रे?"

"कयाधूला पूर येतो नं, त्याहून मोठा."

"तू बगितलास का?"

"न्हाई."

"मंग काहून घेऊन चाललास माझ्या लेकराला?"

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिलो. ती म्हणाली, "दोघं चाललात तर दोघं या." तिची सून दाराआड उभी होती. तिचा चेहरा मला दिसला नाही, फक्त चौकटीवर ठेवलेला हात दिसला.

हिंगोलीला छाती मोजली, दात बघितले, पोहता येतं का विचारलं. आगगाडीनं पूर्णा, तिथून मनमाड आणि मग मुंबई. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा सोबती म्हणाला, "याला पलीकडचा काठच न्हाई की रे." मग जहाजावर चढल्यावर त्यानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. पुढच्याच क्षणी त्याच्या पाठीत गुद्दा बसला.

गुद्दा मारणारा आमचा तांडेल होता, डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. रत्नागिरीकडचा मुसलमान, पांढरी दाढी, बोटं दोरासारखीच पिळाची. घरी तो कोकणी बोलत असावा, आमच्याशी हिंदुस्तानीत बोलायचा. जहाजावर शिट्टी फक्त तांडेलाची. त्याच्या गळ्यात एक चांदीची बारीक शिट्टी साखळीला लटकलेली असायची. जेवणाचा सूर वेगळा, दोर ओढायचा वेगळा, कामावर हजर व्हायचा वेगळा, कप्तान जहाजावर चढताना मान म्हणून वाजवायचा वेगळा. दुसऱ्या कुणी शिट्टी वाजवली तर माणसं फसतात, हे एक कारण. दुसरं, शिट्टीनं वारा येतो. "हवा को बुलाएगा क्या?" म्हणून त्यानं सोबत्याला आठवडाभर ज्यादा डेक घासायला लावला. तो घासायचा आणि तोंडातल्या तोंडात आवाज न करता शिट्टी वाजवायचा. मला हसू यायचं.

तांडेलानं आम्हाला सगळं शिकवलं. जहाजावर पाय ठेवला की आधी मागच्या डेकला सलाम करायचा. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही. झोपायला प्रत्येकाला हॅमॉक मिळायची, जाड कॅनव्हासची झोळी, दोन्ही टोकांनी छताच्या कड्यांना टांगलेली. पहाटे उठलं की ती गुंडाळून दोराचे सात वेढे मारायचे. सहा नाही, आठ नाही, सात. घट्ट बांधलेली हॅमॉक पाण्यात काही वेळ तरंगते, बुडणाऱ्याला आधार होतो. ज्याचे वेढे ढिले, त्याला तांडेल सगळ्यांसमोर पुन्हा सोडायला लावायचा. आम्हा दोघांचे कधी ढिले निघाले नाहीत. पोती शिवलेले हात होते. फाटलेलं कॅनव्हास शिवायचं काम तर तो आम्हालाच द्यायचा. तळहातावर चढवायचा चामड्याचा पट्टा, त्यात लोखंडी चकती, आणि तीन धारांची सुई, आमच्या दाभणाची सावत्र बहीणच.

सोबत्याला खोली मोजायचं काम फार आवडायचं. शिशाचा जड गोळा दोराला बांधून पाण्यात सोडायचा आणि दोरावरच्या खुणा बघून खोली ओरडून सांगायची. दोन हात पसरले की एक माप. तो म्हणायचा, आपल्या विहिरीचा परसच की हा. विहीर किती खोल ते आम्ही परसावर सांगतो. गोळ्याच्या बुडाला खोबण असते, तीत चरबी भरलेली. गोळा वर आला की त्या चरबीला तळाची माती चिकटलेली दिसते. वाळू, चिखल, कधी शिंपल्याचा चुरा. तो ती बोटानं चोळून बघायचा आणि मला म्हणायचा, "हितं तूर येणार न्हाई."

ते घडलं त्या दिवशी आम्ही ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याकडं जात होतो. यंत्र बंद पडलेली एक बोट आमच्या मागं ओढायला दिलेली होती. मधे तारेचा जाड दोर. दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं. सोबती योग्य जागी उभा होता, दोराच्या रेषेत नव्हता. हे मी नंतर प्रत्येकाला सांगितलं आणि तांडेलानंही सांगितलं. लाट आली, मागची बोट अडखळली, दोर ताणला गेला आणि तुटला. तुटलेलं टोक परत आलं ते कुणाला दिसलंच नाही. मला फक्त आवाज आठवतो. मी वळलो तेव्हा तो रेलिंगला टेकून बसला होता. छातीवर आणि कानामागं मार. रक्त फार नव्हतं.

आमचं जहाज लहान, त्यावर डॉक्टर नव्हता. औषधं देणारा एक माणूस होता. त्यानं नाडी पाहिली, दाराला कान लावावा तसा छातीला कान लावला, नाकासमोर दाढीचा आरसा धरला. दोन तासांनी पुन्हा पाहिलं. "खतम," म्हणाला. कप्तानानं हुकूम दिला, सूर्य बुडायच्या आत त्याला समुद्रात सोडा. उकाडा होता, आणि मागची बोट घेऊन कुठल्या बंदराला लागायला चार दिवस होते.

ज्याची हॅमॉक मेलेल्याच्या शेजारी टांगलेली, त्यानं मेलेल्याला त्याच्या हॅमॉकमध्ये शिवायचं, अशी रीत. शेजारची हॅमॉक माझी होती. तांडेलानं चामड्याचा पट्टा आणि सुई माझ्यापुढं ठेवली. मला काहीच वाटत नव्हतं, हे मला त्याही वेळी कळत होतं. मी त्याची हॅमॉक सोडली. सकाळी त्यानंच मारलेले सात वेढे, एकेक करून. ती डेकवर पसरली, त्याला त्यावर ठेवलं. पायांशी लोखंडाचे दोन तुकडे ठेवले, खाली जाण्यासाठी. मग मला आठवलं की आपल्यात मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात. मी पेला भरून आणला आणि त्याचे ओठ उघडून थोडं पाणी घातलं. काही बाहेर आलं, काही आत राहिलं. मी ते बोटानं पुसलं.

पायांकडून शिवत वर यायचं. मी पोत्याचाच टाका घातला, जवळजवळ, एकसारखा. गुडघे झाकले, पोट झाकलं, हात झाकले. गळ्यापर्यंत आलो तेव्हा तांडेल शेजारी येऊन उकिडवा बसला.

"आखरी टाँका नाक में से," तो हळू म्हणाला. "चमड़ी में से. जिंदा होगा तो चिल्लाएगा."

मी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला की ही बोटींवरची फार जुनी रीत आहे, त्याच्या आजानंही केलेली. बेशुद्ध माणसाला मेलेला समजून कुणी पाण्यात सोडू नये, म्हणून. एवढं सांगून तो फळी आणि निशाण आणायला गेला.

मी सुई धरली. कॅनव्हासच्या दोन कडांमधून त्याचं नाक आणि वरचा ओठ दिसत होता. त्याच ओठांवर बोटं ठेवून तो शिट्टी मारायचा. मी सुई टेकवली. माझा हात पुढं गेला नाही. भीती म्हणावी तर तीही नव्हती. एवढंच वाटलं की याला आज पुरेसं लागलंय, आता आणखी माझ्या हातानं कशाला. मी कडा एकमेकांवर ओढल्या, नुसत्या कापडातून टाका घातला आणि गाठ मारली.

तांडेल आला. "टाँका मारा?"

"मारा," मी म्हणालो.

त्यानं अंगठा त्या टाक्यावर ठेवला आणि माझ्या तोंडाकडं पाहिलं. ते त्याला कळलं की नाही, मला आजही माहीत नाही.

निशाण अर्ध्यावर आणलं. फळीवर त्याला ठेवलं, वर दुसरं निशाण. कप्तानानं पुस्तकातून काही वाचलं. तांडेलानं शिट्टी फुंकली, लांब, एकाच सुरात, आणि आम्ही फळी तिरपी केली. निशाण आमच्या हातात राहिलं, तो गेला. पाणी किती खोल आहे ते कुणी मोजलं नाही, कारण मोजणारा तोच होता. मग मला जिथं रक्त सांडलं होतं तो डेक धुवायला सांगितला. मी वाळू टाकून दगडानं घासला, चांगला पांढरा निघाला. रात्रीच्या जेवणात डाळ-भात होता. मी जेवलो. दोनदा वाढून घेतलं, हेही लिहून ठेवतो.

त्यानंतरची दोनेक वर्षं मी तशीच काढली. डेक, गंज, रंग. शेजारच्या कड्याला दुसऱ्या कुणाची हॅमॉक आली. लढाई संपली, घरी जायचा कागद मिळाला आणि मी हिंगोलीला उतरून चालत निघालो.

गावात त्याच्या मरणाचं पत्र माझ्या आधी कधीच पोचलं होतं. ते इंग्रजीत होतं, शाळामास्तरानं वाचून सांगितलं. मावशीनं त्यावर विश्वास ठेवला नाही. कागदाला काय ठाऊक, म्हणाली. सुनेचं कुंकू तिनं पुसू दिलं नाही. बाळापूरच्या भटजींनी सांगितलं की देह नाही, अग्नी नाही, कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, तर शास्त्राप्रमाणं बारा वर्षं वाट बघायची. बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. मात्र पाहिलेला माणूस आला आणि त्यानं साक्ष दिली, तर पुतळा लगेच जाळता येईल.

पण अडचण पुतळ्याची नव्हती. अडचण त्या पोरीची होती. ती अजून वीस वर्षांचीही नव्हती. कनेरगावकडच्या तिच्या बापानं तिच्यासाठी एक जागा पाहून ठेवली होती. आमच्याकडं शेतकऱ्यांत विधवेचा पाट लागतो, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण नवरा मेला हे पक्कं नसेल तर पाट कसा लागणार? बारा वर्षं थांबायचं, तर ती तिशी ओलांडणार. सगळं माझ्या जिभेवर येऊन थांबलं होतं.

मी मावशीकडं गेलो तेव्हा ती अंगणात सुपात तूर पाखडत होती. बस म्हणाली नाही. मी बसलो. ती पाखडत राहिली आणि विचारत राहिली, जसं कुणी दुसऱ्याच्या घरचं विचारावं तसं.

"कपडा कोणता व्हता?"

"त्याचाच. ज्यात झोपायचा तो."

"बरं झालं. परका न्हाई." सूप हललं. "शिवलं कोणी?"

"म्या."

"टाका?"

"पोत्याचा."

"किती परस पाणी व्हतं?"

"मोजलं न्हाई, मावशी."

"जीव न्हाई हे बराबर बगितलं का?"

मी नाडीचं सांगितलं, आरशाचं सांगितलं.

"तो बगणारा डाक्टर व्हता का?"

"न्हाई."

तिचे हात थांबले. तिच्या डोळ्यांत मला जे दिसलं त्याची मला भीती वाटली. ती आशा होती. दाराआड चौकटीवर तोच हात होता, चार वर्षांपूर्वीचा. मग मी तांडेलानं शिकवलेला धडा म्हणावा तसं सांगून टाकलं. बोटीवर रीत असते, शेवटचा टाका नाकातून घालतात. जिता असेल तर ओरडतो.

"तू घातलास?"

"व्हय."

"अन् तो वरडला न्हाई?"

"न्हाई."

एक खोटं, एक खरं. दोन्ही एकाच आवाजात निघाली. मावशी माझ्या उजव्या हाताकडं बघत होती. मी तो मांडीखाली घेतला. "बरं," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली. चौकटीवरचा हात खाली गेला. आतून रडण्याचा आवाज आला. तिला मोकळं केलं म्हणून मला समाधान वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही.

थंडीच्या दिवसांत कयाधूच्या काठी पुतळा करायचं ठरलं. निजामाच्या राज्यात तेव्हा चार माणसं जमली तरी चौकशी व्हायची, म्हणून भावकीतले पाचसहा जण, भटजी आणि मी एवढेच निघालो. मावशी मागून चालत आली. भटजींनी कपाळाला आठ्या घातल्या. "बायामाणसानं मसणात येऊ नये."

"मसण कुठं हाय?" मावशी म्हणाली. "पळसाची पानं हायेत ती." भटजी गप्प झाले. माझ्या माहितीत त्यांना गप्प करणारी ती एकटीच.

वाळूवर पळसाचे देठ मांडून हातपाय केले, पानांचं अंग केलं, डोक्याच्या जागी नारळ. बांधायला लोकरीचा धागा लागतो, तो आमच्या घरून आला, आमच्याच मेंढरांचा, माझ्या आईनं कातलेला. वर नवं पांढरं कापड गुंडाळलं. भटजी म्हणाले, आता तीन जागी गाठ मारा. मावशीनं कमरेची पिशवी उघडली आणि दाभण काढलं.

"बांधू नका. यानं शिवावं," ती माझ्याकडं बघून म्हणाली. "तितं शिवलंस तसंच शीव."

मी वाळूत गुडघे टेकले. पायांकडून सुरू केलं. टाका जवळजवळ, एकसारखा. कापडाखाली पानं करकरत होती. काठावर बाभळीखाली सून उभी होती, आणि तिच्या मागं तिच्या बापाची बैलगाडी, जुंपलेली. पुतळ्याला अग्नी दिला की तिला तसंच कनेरगावकडं न्यायचं ठरलं होतं. मी पोटापर्यंत आलो, छातीपर्यंत आलो, गळ्यापर्यंत. कापडाच्या दोन कडांमधून नारळ दिसत होता, तीन डोळ्यांचा. मी दाभण टेकवलं.

माझा हात थांबला. मी त्याला पुढं ढकलायचा प्रयत्न केला, खरंच केला. एवढा साधा टाका. हजारो पोती शिवलेला माणूस मी, आणि दाभण कुठं घालायचं, किती आत घालायचं, मला कळेना. हे मी आधी कधी केलेलं नव्हतं आणि ते माझ्या हाताला ठाऊक होतं.

मावशी माझ्या समोर बसली होती. फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिनं विचारलं, "तितं बी असाच थांबला व्हता नं हात?"

मला तिला त्याच्या तोंडात घातलेल्या पाण्याचं सांगायचं होतं, काही बाहेर आलं, काही आत राहिलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला लाज वाटली. एवढंच वाटलं, लाज. त्याला लागू नये म्हणून मी हात आवरला, आणि त्या एका टाक्यापायी त्याच्या आईला जन्मभराची शंका दिली.

तिनं एकदा मान वळवली. बाभळीखालच्या सुनेकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिनं तेव्हा तोंडानं नुसतं "थांबा" म्हटलं असतं तरी भटजींनी पोथी मिटली असती, गाडीचे बैल सोडले गेले असते आणि तिला बारा वर्षांची वाट मिळाली असती.

तिनं माझ्या हातातून दाभण काढून घेतलं. डाव्या हातानं नारळ धरला, आयांनी लेकराचं डोकं धरावं तसा. अंगठ्यानं चाचपून नारळाचा मऊ डोळा शोधला आणि एका दमात दाभण आत घातलं, कापडातून बाहेर काढलं, सुतळी ओढली, गाठ मारली. कापडावर नारळाचं थोडं पाणी आलं. ते तिनं पदरानं टिपलं.

"वरडला न्हाई," ती मोठ्यानं म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं, काठावरच्या सुनेलासुद्धा. "लावा आता."

भावकीतल्या एकानं अग्नी दिला. पळसाची पानं लवकर जळतात, फार वेळ लागला नाही. गाडी गेली. मावशीनं दाभण माझ्या हातात दिलं आणि आम्ही गावाकडं चालू लागलो.

ती त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. सून दुसऱ्या घरी नांदली, तिला लेकरं झाली, ती त्यांना घेऊन मावशीला भेटायला यायची. मावशीनं त्या टाक्याचा विषय पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. माझ्यावर ती कधी चिडली नाही, जेवलास का म्हणून विचारायची. फक्त ज्वारी हुरड्यात आली आणि कुणाच्या तरी शेतातून पाखरं हाकलायची शिट्टी वाजली, की अंगणात बसलेली मावशी मान वर करायची. मी शेजारच्या अंगणात असलो तर मीही करायचो. आमची नजर एकमेकांना भिडायची. मग ती तिचं सूप उचलायची आणि मी माझं काम.